काकांचा चोख वर्ख

आमचे काका मिठाई विकतात, पण त्यांना विचाराल तर ते शुद्धता विकतात. पाटीवर दुकानाचं नाव बारीक आणि ‘शुद्ध शाकाहारी’ हातभर अक्षरांत. मी पुतण्या, गल्ल्यावर बसतो. त्यामुळे काकांना नाकाने कांदे सोलताना रोज जवळून पाहतो.

मिठाईवर लावायचा चांदीचा वर्ख घेण्याआधी त्यांनी वर्खवाल्याची कसून चौकशी केली होती. मटण-मासे खाता का? नाही. अंडं? वासही सोसत नाही. बायकोच्या माहेरी? काकांनी तिथपर्यंत माणूस पाठवला. वर्खवाला चोख निघाला, म्हणून वर्खही चोख ठरला. तो कशात घालून कुटतात, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं.

दुकानाच्या वरच आमचं घर. तिथेही हाच कायदा. सून आली आणि बोलता बोलता सांगून बसली, माहेरी अंडी खायचो. झालं! तिचं ताट वेगळं, बसायची जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर, आणि भट्टीकडे फिरकायचंही नाही. बरं, पोरगी मिठाई बनवायला रीतसर शिकून आलेली. तिला दागिने नको होते, भट्टी हवी होती. नवरा, म्हणजे माझा चुलतभाऊ, मूग गिळून बसलेला. मला भयंकर चीड यायची, पण माझा पगारही काकाच देतात.

मग एकदा वर्खवाला तापाने आडवा झाला आणि पुड्या आणायला काका मला घेऊन त्याच्याकडे गेले. कोंदट खोलीत त्याचा भाऊ दगडावर कसल्यातरी पानांची जाड चवड ठेवून हातोड्याने कुटत होता. प्रत्येक दोन पानांमध्ये चांदीचा तुकडा.

“पानं कसली हो ही?” काकांनी कौतुकाने विचारलं.

“बैलाच्या आतड्याची. कागद टिकत नाही, लगेच फाटतो.” काकांचा चेहरा पाहून भाऊ घाईघाईने म्हणाला, “पण तुम्ही निर्धास्त राहा. आमच्यात कुणी खात नाही.”

घरी सगळं मीच सांगितलं, अगदी चवीने सांगितलं. जेवायला बसल्यावर त्यांनी निकाल दिला, “उद्यापासून यंत्रावरचा वर्ख, कागदातला. झालं ते अजाणता झालं. त्याचा दोष लागत नाही.”

“बाबा, मलाही अंडं लहानपणी आईनेच भरवलं होतं,” उंबऱ्याबाहेरून सून म्हणाली. “मग मी भट्टीवर येऊ?”

“तुझी गोष्ट वेगळी. तुला चव ठाऊक आहे.”

काकू वाढता वाढता थांबली. लग्न झाल्यापासून प्रत्येक नव्या मिठाईचा पहिला तुकडा, वर्खासकट, काका तिलाच चाखायला देत आले होते. “चव मलाही ठाऊक आहे,” ती म्हणाली आणि आपलं ताट अन् भाताचं पातेलं घेऊन बाहेर सुनेशेजारी जाऊन बसली. तिच्यामागे चुलतभाऊ उठला. मग मला आत बसायची लाज वाटली.

काका एकटेच जेवत राहिले. “भात वाढा,” त्यांनी आतून सांगितलं. काकू जागची हलली नाही. सून उठली, भाताचं पातेलं घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली.

“आत येऊ का, बाबा?”

खाली दुकानात नोकरांभोवती गिऱ्हाइकांची गर्दी होती. काकांनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“ये,” ते म्हणाले, खाली ऐकू जाणार नाही इतक्या हळू.