चारशे बारा दगडांचा बुरूज

मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझे साडू. नात्यात मी हिशेबी म्हणून बदनाम. पण त्यांच्यापुढे मी अगदीच ढिला. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तपासनीस म्हणून काढली होती. माझ्या लग्नात त्यांनी जिलेबीला पट्टी लावली आणि "दोन मिलिमीटर कमी, पण पास," म्हणून मगच ती तोंडात घातली.

निवृत्तीनंतर त्यांना बदलापूरच्या पुढे, एका टेकाडावर पडकी गढी सापडली. ती कुणी, केव्हा बांधली, कुणालाच ठाऊक नव्हतं. गावातले म्हातारे पुरलेल्या हंड्याची गोष्ट सांगत. साडू विचारत, "हंडा किती लिटरचा? माहीत नाही? मग रिजेक्ट." उरलेला एकुलता बुरूज नीट नोंदवला की त्याला कुणी हात लावणार नाही, असा त्यांचा ठाम समज होता. म्हणून दोन वर्षं दर रविवारी विठ्ठलवाडीच्या घरून जाऊन त्यांनी दगडन्‌दगड मोजला आणि त्यावर ऑइलपेंटने क्रमांक घातला. एकूण चारशे बारा.

मग त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी आम्ही गेलो, तर टेकाड बोडकं.

बुरूज खाली गावात सापडला. टेकाडाच्या जागामालकाच्या नव्या बंगल्याचं कंपाऊंड म्हणून तो गोल उभा होता, बंदुकीच्या भोकांसकट. मालक धावतच आला. "नंबर टाकनारे इंजनेर तुमीच ना? मिस्त्री बोलला, नंबरानं उचलायचा नि नंबरानं लावायचा. लावला! पन काका, कंपाऊंडला ही भोका कशाला?"

"बंदुका रोखायला."

"कोनावर?"

समोर रिक्षास्टँड होता.

साडूंनी एकपासून चारशे बारापर्यंत सगळे क्रमांक तपासले. एकही चुकलेला नव्हता. त्यामुळे त्यांना मिस्त्रीवर धड रागावताही येईना. "गढी पडलेली नाही, सरकलीय," एवढंच ते पुटपुटले.

परतताना ते पुन्हा टेकाडावर चढले. बुरूज नसल्यामुळे तिथून उल्हास नदीचं अख्खं वळण आणि गावाची वाट दिसत होती. बराच वेळ ते बघत राहिले.

"साडूबुवा," ते मला म्हणाले, "गढीतल्यांना घरचा माणूस परत येताना इथूनच दिसत असणार. मी दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून उभा होतो हो."