साडूंची पाऊण तासाची चूक

थांबून राहण्याची शर्यत जगात कुठे भरली, तर आमचे साडू पहिले येतील; फक्त घरातून निघायचं कधी याचा विचार करता करता ते शर्यतीला पोचतील की नाही, एवढीच शंका. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहणार उरण, नोकरी तिथल्याच एका कंटेनरच्या गोदामात संगणक सांभाळायची. माणूस लाखात एक, पण एका वेळी एकच दुरुस्ती करायची नाही, असं त्यांचं व्रत आहे. न्हाणीघरातला नळ गळायला लागला तेव्हा ताईंनी प्लंबरला बोलवा म्हणून तगादा लावला. साडू शांतपणे म्हणाले, "एका वायसरसाठी मानूस कशाला बोलवायचा? अजून दोन-चार गोष्टी बिघडू दे की." आणि खरोखरच त्यांनी बिघडायची वाट बघितली! गीझर गेला, बेसिन तुंबलं, टाकीचं फ्लोट अडकून गच्चीवरून धबधबा सुरू झाला, तेव्हा कुठे साडूंचा चेहरा खुलला. "हां, आता बोलवा!" एका चपलेचा अंगठा तुटला तर दुसऱ्या चपलेचा तुटेपर्यंत पाय घासत चालतात. दात दुखला तर जिभेने बाकीचे चाचपून बघतात, सोबतीला अजून कुणी येतंय का म्हणून. ताई म्हणतात, "माझं नशीब, लग्नाला दुसरी कुणी सोबत येते का ते बघत थांबले नाहीत!"

या सगळ्याचं मूळ त्यांच्या त्या प्रोग्रामात आहे. साडूंनी फोनवर चालणारा एक प्रोग्राम लिहिलाय, भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा. फुकट. नुसता फुकट नाही, आतलं सगळं लिखाण उघड्यावर मांडलेलं. कुणीही यावं, वाचावं, चूक काढावी, सुधारून द्यावं. मोठ्या बंदरांच्या वेळा तक्त्यात मिळतात हो, पण आमच्या गावांमागच्या खाड्यांना कोण विचारतो? तिथे आपलं जुनं गणित: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा. वर प्रत्येक खाडीचा आपापला थोडा फरक. हेच साडूंनी फोनात बसवलं, आणि उरणपासून खाली पार मालवणपर्यंतची माणसं ते वापरतात. कुणी चूक कळवली की साडू गोदामातून घरी येऊन, चहासुद्धा न घेता ती त्याच संध्याकाळी दुरुस्त करतात. इथपर्यंत गाडी सुसाट. पण ती दुरुस्ती घातलेली नवी आवृत्ती लोकांच्या हातात द्यायची कधी, हा प्रश्न आला की साडू नांगर टाकून बसतात.

आता त्यांची बाजू घ्यायची, तर दुधाने तोंड पोळलेलं आहे. एकदा गावाच्या नावातली एक बारीकशी चूक सुधारून त्यांनी घाईघाईने आवृत्ती सोडली आणि आत काय गफलत झाली कोण जाणे, सगळ्या खाड्यांना एकच वेळ दिसायला लागली. आम्हा दोघांच्या बायकांचे सख्खे मामा होडीसकट चिखलात बसले आणि पाणी येईपर्यंत तिथूनच फोन करून साडूंच्या सात पिढ्यांची विचारपूस करत राहिले. तेव्हापासून साडूंचा नियम ठरला. कुणी कितीही गयावया करो, ते एकच विचारतात, "होडी अडकली काय कुनाची? नाय ना? मंग थांबा."

यंदा मात्र एक विचित्र चूक निघाली. पंचांगात एखाद्या तिथीचा क्षय असतो, म्हणजे मधली तिथी गळते. साडूंचा प्रोग्राम बिचारा सरळमार्गी. त्याने ती न गाळता तीच धरून हिशोब केला आणि त्या एका दिवसापुरती भरती पाऊण तास आधी दाखवली. साडूंनी दुरुस्ती केली, आणि ठेवून दिली. त्यांचं म्हणणं, वेळ आधीची दाखवतोय, म्हणजे माणूस पाण्यातून लवकरच बाहेर येणार. होडी अडकत नाही, कुणी बुडत नाही. अजून दोन-चार चुका जमू द्या, मग सोडू सगळं एकदम.

तेवढ्यात आमच्या धाकट्या मेव्हण्याची हळद आली. बेलापूर गावात सासऱ्यांच्या दारात मांडव, बेंजोवाले पेटलेले, अख्खी आळी नाचतेय, आणि आमचे साडू पाण्याच्या पिंपाआड लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेले. मला बघून म्हणाले, "साडूभाऊ, परवा तिथीचा क्षय हाय."

"असू द्या की! लग्न उद्या आहे. मुहूर्ताला काय धोका?"

"लग्नाचं नाय ओ." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. दिघ्याला एका कंपनीत पॅकिंगला असलेल्या मुलीचा निरोप होता. तिची आई तिकडे कोकणात खाडीच्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या काढायला जाते, फोन घरी ठेवून. पाणी भरलं की घरी येते. ही इथून प्रोग्राम बघते आणि आई घरी पोचायच्या वेळेला फोन लावते. तिने लिहिलं होतं, "काका, आई बुडणार नाही हे मलाही कळतं. पण त्या दिवशी तुमच्या वेळेप्रमाणे ती घरी यायला हवी होती आणि फोन कुणी उचलत नव्हतं. पाऊण तास माझे हात चालेनात. परत असा दिवस कधी आहे तेवढं सांगा, त्या दिवशी मी बघणारच नाही."

मी म्हटलं, "मग विचार कसला करताय? सोडा!"

"आनि बाकी सगल्यांचं बिघडलं तर? एकीसाठी?" साडू बोटं मोडत बसले. मग बेंजोकडे बघत, मला न सांगितल्यासारखं म्हणाले, "माजी आय खाडीच्या चिखलात निवट्या मासे धरायला जायची. मी बांधावर बसून भोकाड पसरायचो. मंग तिनं मना ह्यो हिशोब शिकवला. बोटांवर तिथी मोज म्हनाली, त्या वक्ताला मी येतंयच. होडीबिडीसाठी नाय शिकवला, साडूभाऊ. मी रडू नये म्हनून शिकवला."

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल करत आलो, आता मात्र पिंपाआड त्यांच्या शेजारी बसलो. साडू एकेक खाडी तपासत गेले, मी त्या बेंजोच्या गदारोळात ओरडून ओरडून वेळा वाचून दाखवल्या. "अगं बाई, आज तरी ते मिटा!" म्हणत ताई हळदीची वाटी घेऊन आल्या आणि त्यांनी नवऱ्याचे दोन्ही गाल, कान, हात पिवळे करून टाकले. त्याच पिवळ्या बोटाने साडूंनी बटण दाबलं. एकाच चुकीसाठी एक अख्खी आवृत्ती! लेकीची पाठवणी केल्यासारखा चेहरा झाला त्यांचा, आणि मग रात्रीचं जेवण येईपर्यंत ते सारखे फोन बघत होते, कुणाची शिवी येते का म्हणून. आली नाही.

क्षयाच्या दिवशी दुपारी साडूंनी मला त्या मुलीचा निरोप पुढे पाठवला. "काका, पहिल्याच रिंगला उचलला आईने." मी ऑफिसात होतो. का कुणास ठाऊक, प्रोग्राम उघडून आमच्या गावामागच्या खाडीची वेळ काढली. माझीही आई तिथे उतरायची. आता तिथे भराव पडलाय, वर टॉवर उभे राहिलेत, आणि आई जाऊनही बरीच वर्षं झाली. तरी पाणी भरायची वेळ टळेपर्यंत माझ्याने फाईल उघडवली नाही.