दार नसलेल्या घरातलं रेकॉर्डिंग

शनिशिंगणापुरात आमच्या घराला दार नाही. चौकट आहे, तिला पडदा आहे आणि कुत्री आत शिरू नयेत म्हणून रात्री एक फळी टेकवून ठेवतो. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला काही वाटत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीच्या बँडचा अल्बम आमच्या घरात पुरा व्हायचा होता, तेव्हा एकदा मनात आलं की एखादं दार असतं तर बरं झालं असतं. लगेच मी कानाला हात लावला.

मुलगी पुण्याला नोकरी करते. बँड तिघांचा. ती गाते, एक मुलगा गिटार वाजवतो आणि दुसरा कीबोर्ड वाजवून सगळं लॅपटॉपवर जुळवतो. तिघं एका कॉलेजातले. त्यांच्या गाण्यांना न्यू वेव्ह म्हणतात. म्हणजे कसली, असं मी विचारलं तर म्हणाली, आई, शब्द उदास असतात आणि ताल नाचायचा असतो. मला ते लगेच कळलं. आमच्याकडे लग्नात नवरी रडत असते आणि बँडवाले नाचायची गाणी वाजवत असतात, तसंच असणार.

अल्बममधलं शेवटचं एक गाणं राहिलं होतं. अडचण अशी की माझ्या मुलीला कुणी बघत असलं की गाता येत नाही. हे तिनं माझ्याकडून घेतलंय. हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली की मी चहा उतू जातोय म्हणून स्वयंपाकघरात पळते. पुण्यात त्यांनी पैसे भरून स्टुडिओ घेतला, तर काचेपलीकडचा माणूस बघत बसला आणि हिचा गळाच बंद झाला. बाकीची गाणी तिनं खोलीत भिंतीकडे तोंड करून कशीबशी म्हटली. पण हे शेवटचं मोठ्यानं, मोकळ्या आवाजात म्हणायचं होतं, आणि तसं ती फक्त आमच्या घरी गाते, झाडू मारताना. म्हणून तिघं गावाला आली. गिटारवाल्याला लांब बंगळूरला नोकरी लागली होती. आता झालं नाही तर अल्बम तसाच राहणार आणि आपण गाणंही सोडणार, असं ती मला फोनवर म्हणाली होती. ते मला लागलं होतं.

गिटारवाल्या मुलानं आल्या आल्या चौकटीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, काकू, रात्री काय करता? मी म्हणाले, फळी लावतो. माझ्या मालकांनी त्याला समजावलं की इथं कुणी कशाला हात लावत नाही. माझा विश्वास आहे काका, असं म्हणून त्यानं गिटार आणखी जवळ ओढली. झोपलाही तो तिला कुशीत घेऊनच.

पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. आमच्या आळीत कुणी घरात येताना येऊ का म्हणून विचारत नाही. रस्त्यातच बोलायला सुरुवात करतात आणि वाक्य संपेपर्यंत चुलीपाशी पोचलेले असतात. शेजारीण विरजण मागायला आली. एक पुतण्या मोबाईल चार्जिंगला लावून गेला आणि थोड्या वेळानं घ्यायला आला. दोघीतिघी तर पुण्याची पोरं कशी दिसतात ते बघायलाच आल्या. दर वेळी मुलगी गाता गाता थांबायची. मी सगळ्यांना चहा दिला. येऊ नका म्हणायला माझी जीभ रेटेना.

दुसऱ्या दिवशी कीबोर्डवाल्यानं युक्ती काढली. चौकटीत जाड काहीतरी टांगा, आवाज घुमणार नाही आणि माणसंही थांबतील. मी घरातल्या सगळ्या वाकळा काढल्या आणि दोरीवर दुहेरी टांगल्या. सगळीकडून छान अंधार झाला. त्या पोरांना कुठून ठाऊक असणार, आणि माझ्याही लक्षात आलं नाही, की आमच्या आळीत भरदिवसा चौकटीत वाकळ टांगली तर त्याचा अर्थ एकच होतो: आत कुणीतरी फार आजारी आहे. थोड्याच वेळात बाहेर बाया तोंडाला पदर लावून उभ्या. एकीनं लिंबू आणलं, एकीनं अंगारा. कुणीतरी देवळाकडे आमच्या पूजेच्या दुकानात निरोप पोचवला. मालक गिऱ्हाइकाच्या हातात तेलाची बाटली तशीच देऊन अनवाणी धावत आले. वाकळ बाजूला करून बघतात तर मी धडधाकट, आणि पोरगी माईकपुढं तोंडाला हात लावून बसलेली. त्यांचा घाम पुसून त्यांना पाणी दिलं. आलेल्यांना चहा. तोही दिवस गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गिटारवाल्याची परतीची गाडी होती. आदल्या रात्री कोथिंबीर निवडता निवडता मुलगी म्हणाली, जाऊ दे आई, नाहीतरी कोण ऐकणार आहे. हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की मला बरं वाटेना. मी म्हणाले, उद्या दुपारी मी उंबऱ्यात बसते, कुणाला आत सोडत नाही.

ती हसली. "तू? तू कुणाला काय सांगणार?"

तेही खरंच होतं. तरी तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सोलायचा लसूण सुपात घेऊन मी उंबऱ्यात बसले. पाठीशी वाकळा. आत पोरं भिंतीकडे तोंड करून बसली आणि गाणं सुरू झालं. विरजणवाली शेजारीण आली. मी ओठावर बोट ठेवलं. ती बिचारी माझ्याजवळ बसली आणि लसूण सोलायला लागली. मला वाटलं, हे तर सोपं आहे.

मग जिजी आल्या. जिजी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत सासूबाई. आमच्या भावकीत त्यांच्यापेक्षा वडीलधारं कुणी नाही. रोज दुपारी त्या आमच्याकडे चहाला येतात, आणि लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी मान वर करून बोललेले नाही. त्या बोलतच येत होत्या. मी उठून उभी राहिले आणि चौकटीत हात आडवा धरला. जिजी माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"जिजी, आत जाऊ नका."

"का गं? कोन हाय आत?"

"पोरगी गातीय."

"मग गाऊ दे की. मी काय तिच्या तोंडावर हात ठेवती काय?"

"कुणी बघितलं की तिला गाता येत नाही."

जिजींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुज्यावरच गेलीय म्हन की."

"व्हय," मी म्हणाले. हात मात्र मी खाली घेतला नाही.

जिजी पायरीवर टेकल्या. चहाचं काय, असं त्यांनी खुणेनं विचारलं. चूल आत आहे, अशी मी खूण केली. त्यांनी कपाळाला हात लावला आणि गप बसल्या. जिजी गप बसल्यात हे आळीत कुणी कधी बघितलं नव्हतं. समोरची बाई तेच बघायला आली आणि बसली. तिच्या मागून तिची सून. मग आणखी काही जणी. ज्या आल्या त्यांना जिजीच डोळे वटारून बसवत होत्या.

बँडचा ताल आणि वाद्यं सगळी मुलीच्या कानातल्या हेडफोनमध्ये होती. बाहेर आमच्यापर्यंत येत होता तो तिचा एकटीचा आवाज, वाकळांतून गाळून आल्यासारखा. शब्द मला सगळे कळले नाहीत. पण झाडू मारताना गाते तसाच मोकळा आवाज होता, आणि तो कुठं अडला नाही. एकजण डोळे पुसायला लागली. जिजी तिच्या कानाशी म्हणाल्या, कुनी मेलंबिलं न्हाई, गानं हाय ते.

गाणं संपलं. मुलीनं हसत हसत वाकळ बाजूला केली आणि बघते तर गल्लीभर बाया. तिनं वाकळ पटकन सोडून दिली.

आतून आवाज आला. "आई, ह्या कधीपासून बसल्यात?"

"बराच वेळ झाला," मी म्हणाले.

 कीबोर्डवाला आत हळू आवाजात सांगत होता की शेवटच्या ओळीवर ट्रॅक्टरचा हॉर्न आलाय, आणखी एकदा घ्यावं लागेल. मला वाटलं, आता संपलंच. मी बायांना उठवायला लागले.

"बसू दे त्यांना," ती आतून म्हणाली. "फक्त बांगड्या वाजवू नका म्हणावं."

सगळ्या जणींनी मनगटं धरली. ती पुन्हा गायली, आम्ही बसलोय हे माहीत असताना. अल्बममध्ये आहे ते हेच दुसऱ्यांदा म्हटलेलं.

पुढं पावसाळ्यात एका शुक्रवारी अल्बम मोबाईलवर आला. मालकांनी दुकानात तेलाच्या बाटल्यांमध्ये फोन ठेवून तो दिवसभर वाजवला. दुपारी आळीतल्या सगळ्या आमच्याकडे जमल्या. आवाज मोठा व्हावा म्हणून मी फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवला. शेवटचं गाणं लागलं. ढमढम ताल, वर गिटार, कीबोर्डचे सूर, आणि मध्ये माझी पोरगी. मला तर फार आवडलं. पायही हलायला लागला.

जिजींनी मान हलवली. "हे ते न्हाई. यात लई कालवा हाय."

मी मुलीला फोन लावून पातेल्यातच ठेवला. जिजी वाकून म्हणाल्या, "पोरी, तुजं गानं त्या पोरांनी कुटं बुजवलं?"

ती खूप हसली. सांगायला लागली की तेच गाणं आहे, वर वाद्यं चढवलीत, आता बसस्टॉपवर उभी आहे, घरी गेल्यावर नीट समजावते.

"समजावू नको," जिजी म्हणाल्या. "म्हन."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. माणसांची बोलणी ऐकू येत होती.  मी पातेल्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, गर्दी असेल तर राहू दे बाळा.

 तिनं तिथंच सुरुवात केली. आधी हळू, मग बस आली तशी बसच्या वर आवाज काढून. पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. संपल्यावर तिथल्या कुणीतरी तिला काहीतरी विचारलं. "काही नाही," ती त्यांना म्हणाली, "गावाकडं ऐकवत होते."