सातव्या पाठापासूनचे शेरे

आमच्या बी.एड. कॉलेजच्या तपासणीला समिती येणार, म्हणून प्राचार्यांनी सगळ्यात आधी स्टोअररूम साफ करून घेतली. जाळी-जळमटं काढली, भिंतींना रंग दिला आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या पाठ टाचण वह्या गठ्ठे बांधून रद्दीत दिल्या. आठच दिवसांत पत्र आलं की मागच्या वर्षांच्या वह्या नमुन्यादाखल समितीसमोर ठेवाव्यात. प्राचार्य ते पत्र घेऊन माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, आता तुमीच पाहा काही," म्हणाले.

हे वाक्य मी चार वर्षं ऐकते आहे. अकोल्याच्या या कॉलेजात माझी नेमणूक गणित कसं शिकवावं हे शिकवण्यासाठी झाली. चार वर्षांपूर्वी ऐन सत्रात मला गुणवत्ता कक्षाची समन्वयक केलं, आणि तेव्हापासून मी फायली लावते. सकाळी अमरावतीहून एसटीनं यायचं, दिवसभर पुरावे गोळा करायचे, संध्याकाळी कंबर धरून परत जायचं. झाडं लावली त्याचा पुरावा, योगदिन केला त्याचा पुरावा, बैठकीत चहा घेतला त्याचाही फोटो, आणि फोटोत ठिकाण नि वेळ उमटलेली हवी. शिकवल्याचा पुरावाही शिकवण्याचा वेळ काढूनच तयार करावा लागतो. या गोष्टीची मला पूर्वी चीड यायची. आता नुसता कंटाळा येतो.

मी जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावत सुटले. कुणाची वही घर बदलताना गेली होती, कुणाच्या लेकरानं फाडली होती. एकीनं मात्र लगेच सांगितलं, "आहे न मॅडम. जपून ठेवली मी." ती बार्शीटाकळीच्या एका खासगी शाळेत तात्पुरत्या जागेवर गणित शिकवत होती. बुधवारी अर्धी रजा टाकून ती वही घेऊन आली. खाकी कव्हर, वर सुवाच्य अक्षरात नाव, कोपरासुद्धा दुमडलेला नाही.

सराव पाठाची आमची रीत साधी आहे. विद्यार्थी एखाद्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवतो. आम्ही शेवटच्या बाकावर बसून पाहतो आणि वहीत त्या पाठाखाली लाल शाईनं शेरा लिहितो. बाकी सगळा अभ्यासक्रम काढून घेतला आणि एवढंच ठेवलं तरी चालेल, असं नवी असताना मी म्हणायची.

मी वही उघडली. पहिल्या सहा पाठांखाली माझे अर्धं अर्धं पान शेरे होते. 'आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही.' 'उत्तर चुकलं की मुलाला लगेच खाली बसवू नका.' सातव्या पाठाखाली एकच ओळ होती: 'छान प्रयत्न. फळ्यावरील लेखन सुबक. वर्गनियंत्रण उत्तम.' आठव्याखाली तीच ओळ, नवव्याखाली तीच. शेवटच्या, विसाव्या पाठापर्यंत तीच. खाली माझी झोकदार सही.

सातवा पाठ म्हणजे मला समन्वयक केलं तो आठवडा. त्यानंतर वह्या गठ्ठ्यानं माझ्या टेबलावर यायच्या, आणि मी फोनवर बोलता बोलता सह्या करायची.

"सातव्यापासून तुमी आल्याच नाही न मॅडम," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बस उशिरा आली हे सांगावं तसं तिनं सांगितलं. मी वही मिटली.

मग तिनं मुद्द्याचं काढलं. "मॅडम, सोमवारी अमरावतीले मुलाखत आहे माही. कायमची जागा आहे. वर्गावर पाठ द्या लागते. याआधी दोन जागी झाला माहा पाठ, पण काय चुकून राहिलं ते कोणी सांगतच नाही. एक डाव पाहून घ्या न."

शुक्रवारी तीन वाजता ये, मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

शुक्रवारी ती आली. पिशवीत वेगवेगळ्या मापाच्या बांगड्या, दोरा, पट्टी. वर्तुळाचा परीघ शिकवणार होती. यंदाच्या चार मुली तिनं विद्यार्थी म्हणून बसवल्या. मी निघणार तेवढ्यात प्राचार्यांनी हाक मारली. पोर्टल फोटो घेत नव्हतं, शेवटची तारीख तीच होती, आणि कॉलेजभर त्यातलं कळणारी मी एकटीच. "दहा मिनिटं थांब," असा मी निरोप पाठवला. नंतर आणखी एकदा तोच पाठवला. साडेपाचला फोटो चढले. मी धावत वर्गाकडे गेले तेव्हा कुलूप लागलेलं होतं. तिची शेवटची बस गेली असती, म्हणून ती गेली होती. मला शरम वाटली, आणि खरं सांगते, थोडं हायसंही वाटलं, कारण दिवसभरानं मी पार थकले होते.

सोमवारी समिती आली. पुष्पगुच्छ झाले, सादरीकरण झालं. मग एका ज्येष्ठ सदस्यांनी टेबलावरच्या वह्यांतून नेमकी तिचीच उचलली. पानं उलटली आणि चष्मा वर करून म्हणाले, "वीसच्या वीस पाठांवर पर्यवेक्षकाचा शेरा! एवढं सातत्य कुठं दिसत नाही हो." ती वही त्यांनी इतर सदस्यांकडे फिरवली. प्राचार्यांनी माझ्याकडे अभिमानानं पाहिलं आणि मी हसले. त्याच वेळी अमरावतीत ती पाठ देत होती.

आम्हाला चांगली श्रेणी मिळाली. पेढे वाटले, फोटो काढला, त्यात ठिकाण नि वेळही उमटली. तिला मी फोन केला. "नाही झालं मॅडम," ती म्हणाली. कारण याही वेळी कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी रजा टाकली आणि वही परत द्यायला बार्शीटाकळीला गेले. तिच्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. तिनं बांगड्या वाटल्या, मुलांनी दोऱ्यानं मोजल्या, वर्गात मजा चालली होती. मग ती समजावून सांगायला फळ्याकडे वळली आणि वळलेलीच राहिली. सूत्र फळ्याला सांगितलं, प्रश्न फळ्याला विचारला, उत्तरही फळ्याकडूनच घेतलं. मागं दोन पोरांनी हात वर केले होते. त्यांनी वाट पाहिली आणि हात खाली घेतले. पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं. सातव्या पाठाला नुसती जाऊन बसले असते, तरी तेव्हाही कळलं असतं.

तास संपल्यावर मी वहीच्या उरलेल्या पानावर लिहिलं: 'साहित्य फार चांगलं. समजावताना तोंड मुलांकडे हवं. एक ओळ लिहा, वळा, मुलांकडे पाहून बोला.' सही केली, त्या दिवसाची तारीख घातली.

तिनं उभ्या उभ्या वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच होतं का, मॅडम?"

"हो," मी म्हणाले. "एवढंच."