गाडीपुढची मोकळी जागा

चूक माझीच होती. बाह्यवळण रस्त्यावर शेजारच्या लेनमधली पांढरी गाडी पुढच्या ट्रकपासून आपणहून अंतर राखत चालली होती. ही नवी गाडी स्वतःच ब्रेक लावते हे ठाऊक होतं, म्हणूनच त्या मोकळ्या जागेत मी माझी जुनी गाडी घुसवली. मागे ती करकचून ब्रेक लावत थांबली.

"अहो, इंडिकेटर तरी द्यायचा!" बायको म्हणाली.

"ती थांबते गं आपोआप. शिव्याही देत नाही," मी हसलो.

एखाद्या ट्रकसमोर मी असा कधीच घुसलो नसतो. तिथे भीती मला सभ्य ठेवते. जो मुकाट्याने मागे सरतो त्याचीच जागा मी घेत आलो आहे, रस्त्यावर आणि घरातही.

सिग्नलला ती गाडी शेजारी येऊन उभी राहिली. मागच्या सीटवर मानेला पट्टा बांधलेले वृद्ध गृहस्थ डोळे मिटून कण्हत होते. गाडी चालवणाऱ्या त्यांच्या मुलीने काच खाली केली.

"गाडी थांबली हो, पण बाबांची मान कशी थांबणार?"

सिग्नल सुटला, मागे हॉर्न वाजू लागले. तरी मी उतरलो, त्यांच्या खिडकीशी वाकून हात जोडले.

"काका, गाडी थांबेल एवढाच विचार केला मी. आत माणूस असेल, हा केला नाही. मला माफ करा."