चाल कुणाची?

गाणं संपलं की लोक टाळ्या वाजवत आणि आमचे चालकाका हात वर करत. शाळकरी मुलासारखा सरळ वर केलेला हात, आणि मागच्या रांगेतून खणखणीत प्रश्न, "गायलं छान. पण चाल कुणाची?" दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात गायिका कितीही मोठी असो, या प्रश्नातून तिची सुटका नव्हती. पुष्कळजणींना उत्तर ठाऊक नसायचं. मग काका "अच्छा" म्हणून खाली बसत आणि काकू शरमेने पर्समध्ये काहीतरी शोधू लागत.

एका जानेवारीत मंडळाची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला निघाली होती. कुणीतरी पोवाडा म्हटला, बस नुसती दणाणली. काकांचा हात वर गेलाच. पोवाडा म्हणणारे गृहस्थ वैतागले, "अहो, ती लोकांची चाल आहे. लोकांची!" काका म्हणाले, "लोकांची नसते यार. कुणा एकाची असते. त्याचं नाव विचारायचं राहून जातं, मग आपण म्हणतो लोकांची." वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाताना लोक त्यांच्यापासून चार हात दूरच बसले होते.

काका एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते आणि रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहत. राजपत्रित अधिकारी असल्यामुळे अख्ख्या ब्लॉकची मुलं मार्कशीटच्या झेरॉक्स घेऊन त्यांच्या दारात उभी असत. मूळ कागद पाहिल्याशिवाय ते सही करत नसत. "सही म्हणजे मी पाहिलंय. पाहिलंच नाही तर सही कशाची?" असं म्हणून त्यांनी एकदा माझ्या बाबांनाही परत पाठवलं होतं. बाबा आठवडाभर धुमसत होते.

ते स्वतः चाली लावतात हे मोजक्या लोकांना माहीत होतं. भाजी निवडताना, शर्टाला इस्त्री करताना ते गुणगुणत आणि आठवड्याभरात विसरूनही जात. लिहून का ठेवत नाही, असं विचारलं तर म्हणत, "दिवसभर ऑफिसात लिहितोच की." मला पेटी त्यांनीच शिकवली. 'चाल' हा शब्दही त्यांचाच. लाजपतनगरच्या स्टुडिओत मी ऐटीत सांगितलं होतं, "भैया, चाल मेरी अपनी है," तेव्हा तो रेकॉर्डिंगवाला घाबरून म्हणाला, "किसके खिलाफ, बेटा?" काका हे ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "हिंदीत चाल म्हणजे डाव. इथे जपून बोलत जा."

बारावीत मी ठरवलं की संगीतरचनाच शिकायची, तीही परदेशी कॉलेजात. बाबांनी अट घातली, स्कॉलरशिपसकट प्रवेश मिळाला तर जा, नाहीतर मुकाट्याने बी.कॉम. अर्जासोबत स्वतःच्या तीन रचना हव्या होत्या, त्या स्वतःच्याच असल्याचं सही केलेलं निवेदन हवं होतं आणि गुरूचं बंद पाकिटातलं शिफारसपत्र. दोन रचना झाल्या. तिसरीचा पहिला भाग जमला आणि पुढे गाडी अडली ती अडलीच. महिना गेला, मुदत जवळ आली. मी रोज तोच पहिला भाग वाजवायची आणि तिथेच थांबायची.

एका दुपारी मी खाली गेले तेव्हा काका स्वयंपाकघरात मेथी निवडत काहीतरी गुणगुणत होते. माझ्या पहिल्या भागानंतर नेमकं हेच यायला हवं होतं. मी पाणीसुद्धा न पिता वर पळाले आणि उतरवून काढलं. नंतर बदलीन, असं मी स्वतःला बजावलं. बदललं नाही. बदलण्यासारखं त्यात काही नव्हतंच. निवेदनावर मी सही केली. शिफारसपत्रासाठी काकांना मी दोनच रचना ऐकवल्या.

"तिसरी?" त्यांनी विचारलं.

"व्हायचीय अजून, काका."

"अच्छा," ते म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. डिंकाने चिकटवलेलं, जोडावर सही.

एप्रिलमध्ये कॉलेजचं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, स्कॉलरशिपही. तिथल्या प्राध्यापकांनी मुद्दाम लिहिलं होतं की तिसऱ्या रचनेचा दुसरा भाग ऐकून आमचा निर्णय झाला. काकांना पत्र वाचून दाखवताना मी ते वाक्य गाळलं. ते म्हणाले, "बिल्कुल छान!"

मंडळाने माझा सत्कार केला. बाबांनी हट्ट धरला, तिसरीच वाजव. मी वाजवली. टाळ्या थांबल्यावर सवयीने सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. काका मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांना आज कळलं, असं मला वाटलं, आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून हायसं वाटलं. या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

तिकडून मी त्यांना पत्रं लिहिली. बर्फाबद्दल लिहिलं, मेसमधल्या बेचव बटाट्यांबद्दल लिहिलं. लिहायला हवं होतं ते दर वेळी पुढच्या पत्रावर ढकललं. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात बाबांचा फोन आला. काका ऑफिसात खुर्चीवरच गेले होते.

मे महिन्यात मी आले तेव्हा काकू क्वार्टर रिकामं करत होत्या. खोकी बांधून झाली होती. त्यांनी माझ्या नावाची एक फाइल काढून दिली. "प्रत्येक पत्राची ऑफिस कॉपी ठेवायची यांची सवय. तुझं आहे, तू ने."

आत शिफारसपत्राची प्रत होती आणि तिच्यामागे मसुदा. काका मसुदा मराठीत करत आणि मग इंग्रजी. त्यात लिहिलं होतं, "पहिल्या दोन रचना विद्यार्थिनीच्या स्वतःच्या आहेत. तिसरी तिने मला ऐकवलेली नाही. परंतु ती वरच्या मजल्यावर वाजवते तेव्हा मला रोज ऐकू येते. तिचा अंतरा माझा आहे."

या चारही वाक्यांवर पट्टी धरून एक सरळ रेघ मारली होती. खाली नवं वाक्य होतं, "तिन्ही रचना विद्यार्थिनीच्या स्वतःच्या आहेत." आणि सरकारी नियमाप्रमाणे खोडलेल्या मजकुराशेजारी त्यांची छोटी सही आणि तारीख.

मी खोक्यावर बसून राहिले. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. ज्या माणसाने बाबांना दारातून परत पाठवलं, त्याने आयुष्यातली एक खोटी सही केली, ती माझ्यासाठी. जन्मभर लावलेल्या चालींपैकी त्यांची एकच कागदावर उतरली होती, आणि तिच्यावर नाव माझं होतं.

"काय लिहिलंय गं?" काकूंनी विचारलं. त्यांचा चष्मा कुठल्यातरी खोक्यात बांधला गेला होता.

"माझं कौतुक केलंय," मी म्हणाले.