मातीचा रिव्ह्यू

आमच्या खारवडीत कबड्डीवर मत नसलेला माणूस सापडणं कठीण. पण मत असणं वेगळं आणि हिरामण घरत असणं वेगळं. हिरामणकाकांना मत विचारावं लागत नाही. तुम्ही त्यांच्या टेम्पोत बसलात की ते सुरू होतं आणि उरणचा नाका येईपर्यंत संपत नाही. टेम्पोचं भाडं वेगळं, मत फुकट.

काकांचा व्यवसाय वाहतुकीचा. घरी दोन ट्रेलर, एक टेम्पो. ट्रेलर बंदरावर कंटेनर ओढतात, टेम्पो काका स्वतः चालवतात. त्याआधी तीन पिढ्या मिठागरात गेल्या. मिठागरं गेली, पण त्यांची एक खूण काकांच्या उजव्या पायावर राहिली. लहानपणी मीठ ओढायची फळी पायावर पडली आणि करंगळी शेजारच्या बोटावर जाऊन बसली, ती अजून तिथेच आहे. गावात कुठल्याही ओल्या जागेवरून काका गेले तर ते कळतं. लपतछपत कुठे जायची सोय त्यांना देवाने ठेवलेली नाही.

त्यांची मतं थोडक्यात अशी. टीव्हीवरच्या लीगमधली मुंबईची टीम दर वर्षी पकडीवर पैसे लावते आणि चढाईवर रडते. डाव्या कोपऱ्यात जो पोरगा ठेवलाय तो गुडघ्यात वाकत नाही, कारण त्याला मध्येच केस सारखे करायचे असतात. कबड्डी कबड्डी म्हणायचं तर सगळ्यांनीच सोडलंय, नुसते ओठ हलवतात, गावच्या जेवणात मंत्र न येणारा भटजी हलवतो तसे. आपल्या उरणच्या कॉलेजची पोरं दमाची आहेत, पण परीक्षा आली की निम्मी टीम आजारी पडते. पेणवाले रडके. अलिबागवाले बरे, पण त्यांना ते माहीत आहे, हाच त्यांचा दोष.

आणि सगळ्यात मोठं मत मॅटबद्दल.

"मॅटवरची कबड्डी म्हंजे लादीवर पेरलेला भात," काका म्हणायचे. "बूट घालतात, बूट. आनि पाय रेषेभायेर जेला का नाय ते बघाला टीव्ही लावतात. रिव्ह्यू. आरं, आमच्याकडं माती होती. माती ठसा ठेवते. माती कुनाची वळख ठेवत नाय."

दुसरी तक्रार हात वर करण्याची. काकांच्या काळात अंगाला हात लागला की खेळाडू स्वतःच हात वर करून मैदानाबाहेर चालू लागायचा, पंचाची वाट बघायचा नाही. "आता? आता कपडं फाटलं तरी म्हंतील, लागलाच नाय."

ही मतं काका आमच्या बहिरीदेव क्रीडा मंडळाच्या स्पर्धेत माईकवरून मांडत. गेली बावीस वर्षं समालोचक तेच. शेजारी गुणपत्रक भरायला मी. माईकवर काका कुणाची भीड ठेवत नाहीत. निकेत भोईर सोळा वर्षांचा असताना त्याच्या पहिल्याच सामन्यात काका म्हणाले, "निकेत मैदानात उभा हाय. नुसता उभा हाय. महावितरनने बसवल्यावानी." निकेतची आई वर्षभर काकूंशी बोलली नाही. निकेत मात्र पुढे जिल्ह्याकडून खेळला आणि अजून सांगतो की त्या दिवसानंतर आपण कधी उभे राहिलो नाही.

असा हा माणूस तीन वर्षं एका खेळाडूचा सामना चुकवत होता. त्याची स्वतःची मुलगी.

प्राप्ती उरणच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. पहिल्या वर्षापासून कॉलेजच्या संघात चढाई करते. काकांनी तिला कधी अडवलं नाही. बूट आणून दिले, तेही मॅटवरचे, दुकानदाराकडे न बघता. पण सामना आला की ट्रेलरचा टायर पंक्चर व्हायचा. एकदा पनवेलला, एकदा माणगावला, एकदा म्हणे आगरदांड्याच्या जेट्टीवर, जिथे काकांच्या ट्रेलरचं काही कामच नसतं. शेवटी काकूंनी, म्हणजे वेणूबाईंनी, जेवताना विचारलं, "तुमच्या गाडीला टायर किती हायेत ओ? मी तर मोजायचं सोडलं."

कारण मला माहीत होतं. एकदा टेम्पोत काका बोलून गेले होते. "वाईट खेळली तर मना वाईट बोलाला लागंल. माजं त्वांड तुना माहीत हाय. आनि चांगली खेळली, मी चांगली बोललो, तर लोक म्हंतील, बापूस हाय, बोलनारच. मग बावीस वर्सं बोललो ते पन खोटं."

"मग गप्प बसून बघा ना, काका."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना पोट काढून ठेवून जेवायला सांगत होतो.

यंदा मात्र पंचाईत झाली. मंडळाचा अध्यक्ष कमलेश याने स्पर्धेत कॉलेजच्या मुलींचा गट ठेवला. आपल्याच गावात, आपल्याच मातीच्या मैदानावर. उरणच्या कॉलेजने नाव दिलं, प्राप्तीने घरी येऊन सांगितलं आणि ताटावर बसलेल्या बापाला म्हणाली, "बाबा, माजी शेवटची स्पर्धा हाय. परीक्षा झाली का कॉलेज संपलं. या येळेला टायरला सांगून ठेवा."

काका भात कालवत राहिले. मग म्हणाले, "मैदान मी बनवतो."

आता त्यांचं मैदान बनवणं सांगायला हवं. बाकीचे लोक पाणी मारून रोलर फिरवतात. काका मिठागरासारखं बनवतात. मिठागराची जमीन हंगामाआधी अनवाणी पायांनी तुडवून घट्ट करतात, म्हणजे पाणी खाली जिरत नाही. काका तसंच माती भिजवतात आणि कंबरेवर हात ठेवून ओळीने तुडवत जातात. मग रोलर. कडेला जिथे दोरी आणि खुर्च्यांमुळे रोलर पोचत नाही, तिथे फक्त काकांचे पाय. मैदानात ते चप्पल घालत नाहीत, दुसऱ्यालाही घालू देत नाहीत. मागच्या साली एका आमदाराच्या माणसाला त्यांनी मोजे काढायला लावले होते.

त्या रविवारी सकाळी सहापासून काका तुडवत होते. दुपारी मैदान असं झालं की त्यावर भाकरी थापावी. चार वाजता उपांत्य सामना, साडेपाचला अंतिम. काकांनी माईकचं टेबल नेहमीसारखं डाव्या कोपऱ्यामागे लावून घेतलं. मधोमध बसणाऱ्याला फक्त खेळाडू दिसतात, कोपऱ्यात बसणाऱ्याला पाय दिसतात, हेही एक मत.

उपांत्य सामन्यात काका प्राप्तीचं नावच घेईनात. "उरणची सात नंबर चढाईला." "सात नंबरने एक गडी टिपला." बाकी सगळ्या मुलींची नावं, गावं, आणि एकीच्या मामाचं चिकनचं दुकानसुद्धा माईकवरून जाहीर झालं. आपली मुलगी तेवढी आकड्यात. मध्यंतरात पाणी प्यायला आलेली प्राप्ती टेबलाजवळ थांबली.

"काय ओ समालोचक, सात नंबरला आईबापूस हायेत का?"

"खेलावर ध्यान दे," काका म्हणाले. माईक चालू होता. सगळ्या मैदानाने ऐकलं.

अंतिम सामना माणगावच्या कॉलेजशी. माणगावच्या मुली उंच, पकडीला घट्ट, आणि त्यांचे प्रशिक्षक कोंडाजी सर मैदानाबाहेर उभे राहून स्वतःच पकड केल्यासारखे वाकत होते. पंच पेणचे रतन ठाकूर, निवृत्त पीटीचे शिक्षक, काकांच्या जुन्या ओळखीचे. पेणचे असूनही काका त्यांना मानत, यावरून काय ते समजा.

तेवीस-तेवीस. शेवटची दोन मिनिटं. उरणच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, ही तिसरी, म्हणजे गुण मिळवला नाही तर चढाई करणारी बाद. प्राप्ती गेली. डाव्या कोपऱ्यात शिरली, अगदी आमच्या टेबलासमोर. कोपऱ्यातल्या मुलीच्या खांद्याला हात लावला, मागच्या रेषेवरून गर्रकन वळली आणि दोघींच्या मधून निघून मध्यरेषेवर पडली. रेषेवरच्या पंचाने काही दाखवलं नाही. ठाकूर सरांनी एक बोट वर केलं. चोवीस-तेवीस. मैदान उठून उभं राहिलं.

आणि माईकवरून आवाज आला, "पाय भायेर जेला."

काकांनी ठरवून म्हटलं नव्हतं. त्यांची नजर सवयीने रेषेपलीकडे गेली, तिथे मातीत अनवाणी पायाचा स्वच्छ ठसा दिसला आणि बावीस वर्षांची जीभ हलली. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की ते शब्द त्यांनीही आमच्याबरोबरच ऐकले.

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. पोरांच्या हातातल्या पिपाण्यासुद्धा थांबल्या. बायकांच्या रांगेतून वेणूकाकूंचा आवाज तेवढा आला, "पंक्चर परवडला होता."

ठाकूर सर टेबलाशी आले. "हिरामणशेठ, शिट्टी माझ्या गळ्यात हाय ना?"

पण कोंडाजी सर तोपर्यंत धावत पोचले होते. "पंच साहेब, मुलीचा बाप सांगतोय. बाप कशाला खोटं बोलेल? ठसा बघा. मातीचं मैदान आहे, ठसा असणार."

काका खाली मान घालून बसले होते. त्यांचंच वाक्य माणगावच्या माणसाच्या तोंडून परत आलं होतं.

प्राप्ती मध्यरेषेवरून चालत आली. कपाळाला माती, कोपर सोललेलं. बापाकडे बघितलं नाही. ठाकूर सरांना म्हणाली, "सर, माजा पाय भायेर गेला असंल तर मी हात वर करते. पन मना वाटत नाय गेला. तुमी बघा."

सगळे कोपऱ्यात जमले. ठसा होता. रेषेबाहेर वीतभर, उजव्या पायाचा, खोल उमटलेला. कोंडाजी सरांनी दोन्ही हात पसरून तो असा दाखवला, जसा काही त्यांनीच काढला होता. ठाकूर सर गुडघ्यावर बसले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "पोरी, पाय ठेव शेजारी."

प्राप्तीने पाय ठेवला. ठशाहून चांगला दोन बोटं लहान. आणि ठशात चारच बोटं जमिनीला टेकलेली, पाचवं शेजारच्यावर चढून बसलेलं.

प्राप्ती ठशावर वाकली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती.

"बाबा," ती म्हणाली, "जरा हिकडं या."

काका आले. अनवाणीच होते. ठाकूर सरांनी नुसतं बोट दाखवलं. काकांनी उजवा पाय उचलून ठशात ठेवला. डब्यावर झाकण बसावं तसा बसला. सकाळी रोलर पोचत नाही म्हणून तुडवलेली कड, आणि तिथला शेवटचा ठसा पुसायचा राहिलेला. सगळ्या मैदानात एकच पाय रेषेबाहेर गेला होता आणि तो समालोचकाचा होता.

हसण्याची लाट खुर्च्यांच्या पहिल्या रांगेतून निघाली ती मागच्या कुल्फीच्या गाडीपर्यंत गेली. निकेत भोईर तर दोरीला धरून उभा होता, नुसता उभा. कोंडाजी सरसुद्धा हसले. ठाकूर सर उठले, गुडघा झटकला आणि शांतपणे म्हणाले, "गुण उरणचा. हिरामण घरत बाद."

काकांनी आजूबाजूला बघितलं. मग त्यांनी हात वर केला. सरळ, डोक्याच्या वर, जुन्या खेळाडूसारखा. दोरीखालून वाकून ते मैदानाबाहेर गेले आणि बाद खेळाडू बसतात त्या जागी, आपल्याहून तीस वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी, मांडी घालून बसले. हसू थांबलं आणि टाळ्या सुरू झाल्या. मी बावीस वर्षांतला पहिला गप्प हिरामण घरत बघत होतो. माईक टेबलावर आडवा पडला होता. कमलेशने तो उचलला, फुंकर मारली, "हॅलो, हॅलो" म्हणाला आणि पुढे काय म्हणायचं ते न सुचून परत ठेवला.

चाळीस सेकंद राहिली होती. माणगावची शेवटची चढाई. त्यांची सगळ्यात चपळ मुलगी आली, उजवीकडे झुकली आणि एकदम डावीकडे सुटली. प्राप्तीने तिचा घोटा धरला. बाकीच्या दोघी येईपर्यंत सोडला नाही. पंचवीस-तेवीस, आणि लांब शिट्टी.

संघातल्या मुली तिला उचलायला धावल्या, पण ती त्यांच्यातून सुटून दोरीजवळ आली, जिथे काका अजून मांडी घालून बसले होते. कबड्डीत आपल्या संघाने गडी बाद केला की आपला बाद झालेला एक जण आत येतो. हा नियम तिला बापानेच शिकवला होता, चौथीत असताना, अंगणात खडूने रेषा आखून.

"या आत," ती म्हणाली. "जिवंत झालात."

काका उठले. टेबलाशी येऊन खुर्चीत बसले, माईक सरळ केला, घसा खाकरला. मैदान वाट बघत होतं. मीही पेन थांबवून बसलो होतो.

"प्राप्ती हिरामण घरत," काका म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा पूर्ण नाव. "घोटा चांगला धरला. चढाईत वळताना डावा पाय उशिरा उचलते. आजचं वाचली. पुढच्या येळेला वाचनार नाय."

बायकांच्या रांगेतून वेणूकाकू म्हणाल्या, "झालं, आला जाग्यावर."

प्राप्ती टेबलासमोर कंबरेवर हात ठेवून उभी होती, काका मैदान तुडवताना ठेवतात तसे.

"ह्ये तीन वर्सांआधी सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर आतापरत उचलला असता."

"उद्या सकाळी अंगनात ये," काका म्हणाले. माईक चालूच होता. "बूट नको घालूस."